लंडनमध्ये घर घेताना ऑनलाइन कन्व्हेयन्सिंग: साडेतीन स्टार, त्यातला दीड सरकारच्या नियमांचा

फ्लॅट घेताना खरेदीच्या कायदेशीर कागदपत्रांचं काम, म्हणजेच कन्व्हेयन्सिंग, एका ऑनलाइन कंपनीला दिलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या टाइपच्या बहुतेकांचा कारभार असाच असतो असं इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींकडूनही ऐकलंय. इकडे घर बघत असाल तर वाचा.

पहिली चांगली गोष्ट म्हणजे दर. साइटवर घराची किंमत टाकली, लीजहोल्ड (ठराविक वर्षांचा भाडेपट्टा) की फ्रीहोल्ड (जमिनीसकट कायमची मालकी) ते सांगितलं की कोट समोर. सॉलिसिटर म्हणजे इथल्या वकिलांवर देखरेख ठेवणारी सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी म्हणजे एसआरए (आपल्या झोपडपट्टीवाल्या एसआरएशी काही संबंध नाही), त्यांनी डिसेंबर २०१८ पासून नियमच केलाय की घरखरेदी, प्रोबेट (मृत्यूनंतर मालमत्ता वारसांकडे देण्याचं काम), इमिग्रेशन अशा ठराविक कामांचे दर वेबसाइटवर टाकायचे. आपल्याकडे बार कौन्सिलच्या ३६ नंबरच्या नियमामुळे वकिलाला जाहिरात करायला बंदी, मोठ्या लॉ फर्मची साइट उघडली तरी आधी 'मी स्वतःहून माहिती घ्यायला आलोय' अशा अर्थाचं काहीतरी कबूल करून पुढे जायचं, आणि फी विचारली तर उत्तर ठरलेलं, आधी कागद घेऊन या मग बघू.

पण मोठ्या अक्षरातला आकडा बघून हुरळून जाऊ नका. खाली लीजहोल्डचे वेगळे, मॉर्टगेजचे वेगळे, आयडी चेकचे वेगळे, बँक ट्रान्सफरचे वेगळे. माझ्या डिपॉझिटमधले थोडे पैसे बाबांनी नाशिकहून एफडी मोडून पाठवलेले, तर त्याला 'गिफ्टेड डिपॉझिट' म्हणून अजून एक फी लावली जी कोटमध्ये कुठेच नव्हती. वर बाबांचा पासपोर्ट, बँक स्टेटमेंट, पैसे परत मागणार नाही असं सहीचं पत्र. बाबा फोनवर म्हणाले, "अरे माझ्याच पोराला माझेच पैसे दिले, चोरी केल्यासारखं काय विचारतायत?" मनी लाँडरिंगचे कायदे आहेत, विचारणं त्यांना भागच आहे हे मान्य, पण सगळे कागद दिल्यावर फाइल बघणारा माणूस बदलला आणि नवीन माणसाने पुन्हा तेच मागितले तेव्हा माझंही डोकं फिरलं.

तो नवीन माणूस हाच या सर्व्हिसचा खरा प्रॉब्लेम. तुमची फाइल कोण बघतंय ते कळतच नाही. पोर्टलवर हिरव्या टिका दिसतात, फोन केला की कॉल सेंटर, आणि सॉलिसिटर कुठेतरी वरून बऱ्याच फायलींवर लक्ष ठेवून असतो म्हणे. हे चालतं कारण २००७ च्या लीगल सर्व्हिसेस ॲक्टने वकील नसलेल्यांनाही लायसन्स घेऊन लॉ फर्मची मालकी घ्यायची परवानगी दिली, २०१२ मध्ये तर को-ऑप या किराणावाल्या सहकारी ग्रुपलाही लायसन्स मिळालं. त्याआधी १९८५ च्या कायद्याने लायसन्स्ड कन्व्हेयन्सर हा वेगळा वर्ग तयार करून या कामातली सॉलिसिटर लोकांची मक्तेदारी मोडली होती. स्पर्धा आली हे चांगलंच झालं, पण स्वस्त कोटवाल्यांनी पैसे वाचवले ते नेमके फोन उचलणाऱ्या अनुभवी माणसात.

आता स्टार कशाला दिले ते. त्या जास्तीच्या फीबद्दल आणि आठवडेच्या आठवडे उत्तर न देण्याबद्दल मी लेखी तक्रार टाकली. फर्मला उत्तर द्यायला ८ आठवडे मिळतात, नाही दिलं किंवा पटलं नाही तर लीगल ऑम्बड्समनकडे, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे जायचं. आपल्याला एक पैसा खर्च नाही, वकील लावायची गरज नाही, आणि ते ५०,००० पाउंडपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतात. मला तिथपर्यंत जावंच लागलं नाही, मेलमध्ये ऑम्बड्समनचं नाव लिहिल्यावर इतके दिवस गप्प असलेल्या कंपनीला कंठ फुटला, फी परत आणि माफीपण. आपल्या सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतच नाही. म्हणजे मिक्सर बिघडला तर ग्राहक मंच आहे, वकिलाने तारखेला दांडी मारली तर बार कौन्सिलकडे जा, म्हणजे पुन्हा वकिलांकडेच. क्लार्कपासून सिनियरपर्यंत सगळ्यांना हात जोडत फिरलेल्या माणसाला हा फरक लगेच कळेल.

इथलं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये एसआरएने ॲक्सिअम इन्स नावाची फर्म बंद केली, क्लायंटच्या खात्यातले ६ कोटी पाउंडच्या वर गायब होते, आणि नंतरच्या चौकशीत एसआरएनेच वेळेवर पुरेसं केलं नाही असं निघालं. लोकांना भरपाई फंडातून पैसे द्यायची सोय आहे, पण तो फंड भरतात बाकीचे सॉलिसिटर, म्हणजे शेवटी कुणाच्या फीमधून ते तुम्हीच ओळखा.

घेणार असाल तर इस्टेट एजंटने सुचवलेली फर्म डोळे झाकून घेऊ नका, त्याला रेफरल फी (गिऱ्हाईक पाठवल्याचं कमिशन) मिळत असू शकते. अपघाताच्या केसमध्ये ती २०१३ पासून बंद आहे पण घरखरेदीत अजून चालते, फक्त फर्मने तुम्हाला सांगायला पाहिजे, तर सरळ विचारा किती देता म्हणून. लीजहोल्ड फ्लॅट असेल तर थोडे जास्त देऊन जवळची लहान फर्म बघा, माझ्या मते ऑनलाइनवाले साध्या फ्रीहोल्ड घरालाच ठीक आहेत. आणि डिपॉझिट पाठवायच्या आधी अकाउंट नंबर फोनवर कन्फर्म करा. फोन नंबर मेलमधला नाही, एसआरएच्या रजिस्टरवर फर्म शोधून तिथला घ्या, कारण मेल हॅक करून अकाउंट नंबर बदलणारे चोर इथे नेमके घर घेणाऱ्यांच्याच मागे असतात.