कोर्टाजवळचं झेरॉक्स सेंटर: व्हॉट्सअॅपचा पुरावा करून घ्यायचा असेल तर

माझा नागपूरच्या महाल भागात मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. गेल्या लग्नसराईत एका पार्टीने स्टेजचे पैसे अडकवले. "देतो नं भाऊ, पुढच्या आठवड्यात" असे त्यांचे व्हॉट्सअॅप मेसेज आहेत, व्हॉइस नोटही आहेत. वकीलसाहेब म्हणाले, हे कोर्टात पुरावा म्हणून द्यायचं तर सोबत सर्टिफिकेट लागेल. घराजवळच्या दुकानदाराने स्क्रीनशॉटच्या प्रिंट काढून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-बच्या सर्टिफिकेटचा नमुना हातात ठेवला. अरे बाप्पा, तो कायदा १ जुलै २०२४ पासून बदलला. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३!

मग सिव्हिल लाइन्सला, जिल्हा न्यायालयाजवळच्या या सेंटरवर आलो. जागा एवढीशी, पंखा नावाला, पण काम पक्कं. पोराने चॅट एक्स्पोर्ट केली, व्हॉइस नोट वेगळ्या काढल्या आणि प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, काढली. आकडे-अक्षरं मिळून ६४. मी म्हटलं, हे काय लचांड? त्याने चॅटच्या कॉपीत एक पूर्णविराम जास्तीचा टाकला आणि पुन्हा हॅश काढली, तर अख्खी ओळच वेगळी. वर स्वतःच म्हणाला, "काका, मेसेज खरा की खोटा हे यातून नाही कळत. हॅश काढल्यावर फाइलला कोणी हात लावला का, तेवढंच कळते." गिऱ्हाइकाला असं तोंडावर कोण सांगतं?

सर्टिफिकेटचा भाग अ आपल्या सहीचा. त्यात फोनचा मॉडेल, रंग, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांकसुद्धा. भाग ब तज्ज्ञाचा. तज्ज्ञ नेमका कोण, हे कलम ६३ सांगत नाही. सेंटरवाला स्वतः सही ठोकत नाही, कॉम्प्युटर इंजिनिअरला बोलावतो. त्याने फोन, फाइली, हॅश सगळं पडताळून मगच सही केली. पण त्याचे पैसे वेगळे, हे आधी सांगायला नको? दरपत्रकही लावलेलं नाही. रेटिंगमधला एक तारा तिथे कापला.

एवढा खटाटोप टाळता येतो म्हणा. जालन्याच्या निवडणुकीवरून खोतकर-गोरंट्याल खटला झाला, त्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सर्टिफिकेट सक्तीचं ठरवलं. मात्र मालकाने साक्षीला येऊन मूळ फोनच हजर केला तर ते लागत नाही. पण ऐन सीझनमध्ये फोन कोर्टात अडकला तर बुकिंग काय कबुतराकडून घेऊ?

जाताना फोनचं खोकं आणि चार्जर न्या, आणि चॅटमधलं काही डिलीट करू नका. दुपारच्या सुट्टीत वकिलांची झुंबड असते, सकाळीच गाठा.