रोल बार म्हणून सायलेन्सरचा पाईप लावून दिला, २६०० डॉलर घेऊन

मागच्या काचेवर आतून बारीक काळे ठिपके दिसत होते, ओल्या फडक्याने जाईनात, नखाने खरवडले तर काचेत रुतलेले लोखंडाचे कण. तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती कारण टिग वेल्डिंगमध्ये (सावकाश, नाजूक हाताचं महाग काम) असे तुषार उडतच नाहीत, उडतात ते मिगमध्ये (झटपट, स्वस्त), आणि रोल बारसाठी, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या सीटमागच्या पाइपाच्या कमानीसाठी, मी पैसे मोजले होते टिगचे. पण गाडी नुकतीच घरी आलेली, मी हवेत होतो, ब्लेडने काच साफ केली आणि विसरून गेलो.

तर गाडी १९७० ची प्लिमथ डस्टर. त्याच वर्षी हे मॉडेल आलं, कंपनीतून मिळायचं त्यातलं सगळ्यात तगडं इंजिन ३४० क्युबिक इंचाचं व्ही-८, कागदावर २७५ हॉर्सपॉवर. माझ्यात मूळ इंजिन नाही, आधीच्या मालकाने ३६० चा ब्लॉक घेऊन ४०८ चा स्ट्रोकर (पिस्टनची धाव वाढवून मोठं केलेलं इंजिन) बांधलाय. मागच्या सीझनला ड्रॅगस्ट्रिपवर पाव मैलाला ११.४२ सेकंदांची स्लिप हातात पडली, मी नाचतोय आणि टेकवाला (ट्रॅकवर गाड्या तपासणारा) म्हणतो छान, आता रोल बार लावल्याशिवाय परत येऊ नकोस. एनएचआरएचा (ड्रॅग रेसिंगची अमेरिकी संघटना) नियमच आहे, एवढ्या जुन्या गाडीला ११.४९ किंवा त्याहून कमी वेळ आला की रोल बार सक्तीचा (उघड्या टपाच्या गाडीला तर १३.४९ पासूनच), आणि ९.९९ ला पोचलात की पूर्ण केज, म्हणजे चहूबाजूंनी पाइपांचा पिंजरा.

इथे मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या आजूबाजूला, गाडीवर काम करणारा दर चौथ्या घरात सापडतो. रोल बार लावून देणारा माणूस मला वुडवर्ड ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांची जत्राच) भेटला, ऑगस्टमधला शनिवार, रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून सगळे बसलेले. त्याने माझ्या गाडीखाली वाकून बघितलं, टॉर्शन बारबद्दल दोन शहाणपणाच्या गोष्टी बोलला, मला म्हणाला 'बडी, ही गाडी माझ्याकडेच आण'. एवढ्यावर मी पाघळलो. नंतर मेसेजवर ठरलं: ४१३० क्रोमोली (साध्या स्टीलपेक्षा मजबूत मिश्र स्टील), ०.०८३ इंचाची वॉल म्हणजे पाइपाच्या पत्र्याची जाडी, टिग वेल्ड, हार्नेससाठी (रेसिंगचा पट्टा) क्रॉसबार, सगळं मिळून २६००, त्यातले ७०० केवळ क्रोमोलीचे जास्तीचे. कार्डाने दिलेत तर अजून ४ टक्के, झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायचं ॲप) दिलेत तर नाहीत. मी झेलने दिले. आगाऊ. सगळे.

लाजेची गोष्ट म्हणजे मी नोकरीत सप्लायर क्वालिटी बघतो. दिवसभर लोकांकडे स्टीलचं मिल सर्टिफिकेट मागतो, एक कागद कमी असला तर माल परत पाठवतो. आणि स्वतःच्या डोक्यावर जो पाईप येणार त्याचं सर्टिफिकेट मागावंसं वाटलं नाही. बायको म्हणाली वॉटर हीटर बदलायला तू तीन कोटेशन घेतली होतीस. मी काय बोलणार.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले, शॉपमध्ये एकच ट्यूबलाइट. बार सॅटिन काळ्या रंगात, कार्पेट परत घातलेलं, आणि जॉइंटवर काळं पॅडिंग गुंडाळून झिप टाय मारलेले, म्हणाला पॅडिंग माझ्याकडून फ्री. मला केवढं कौतुक वाटलं! आता कळतं की रंग, कार्पेट आणि पॅडिंग या तीन गोष्टींनी बघण्यासारखं सगळं झाकलं होतं. आणि ते पॅडिंगसुद्धा रेसिंगचं नव्हतं हो, हेल्मेट आपटेल तिथे एसएफआय ४५.१ (रेसिंग सुरक्षेचं मानक) चा कडक फोम घालतात, हा होता नळाच्या पाइपावर घालतात तो, बोटाने दाबला की बोट आतल्या लोखंडाला लागतं. रस्त्यावर हेल्मेट न घालता चालवताना मागून कोणी ठोकलं असतं तर डोकं थेट त्या पाइपावर.

एप्रिलमध्ये ट्रॅक उघडला, गेलो. टेकवाल्याने बारला हातही लावला नाही, आधी खाली झोपला, टॉर्च मारला आणि म्हणाला खालच्या प्लेट कुठेत? डस्टरला वेगळी चॅसी नाही, युनिबॉडी आहे, म्हणून बारचे पाय फ्लोअरच्या पत्र्यावर नुसते टेकवून चालत नाही. बोल्टने बसवायचा तर ६ बाय ६ इंच, १/८ इंच जाड प्लेट पत्र्याच्या वर आणि तशीच खाली, मध्ये ३/८ चे निदान चार बोल्ट, किंवा मग प्लेटसकट बाजूच्या सिलला (दाराखालचा जाड भाग) नीट वेल्ड करायचं. माझ्याकडे कार्पेट उचललं तर ३ इंची पातळ तुकडे, चार कोपऱ्यांत टाके मारलेले, खाली फक्त अंडरकोटिंग जळालेलं. फ्लोअरचा पत्रा मिलिमीटरभर जाड असतो, गाडी उलटली तर बार त्यातून पेपर पंचसारखा भोक पाडून खाली निघणार आणि छप्पर आपल्या मानेवर.

मग पॅडिंग कापलं. मेन हूप (मुख्य कमान) आणि मागचे तिरके पाय जिथे जुळतात तिथे छताकडची बाजू दिसत नाही, वेल्डिंगचा हात तिथे पोचत नाही. चांगला कारागीर त्यासाठी हूप फ्लोअरमधून तात्पुरता खाली सोडतो, वरचा वेल्ड गोल पूर्ण करतो, मग वर उचलून खालच्या प्लेट लावतो. वेळखाऊ काम आहे, पैसे त्याचेच असतात. मी बोट मागे घातलं तर गुळगुळीत लागलं, इतकं गुळगुळीत की शंका आली. नख दाबलं आणि नख आत गेलं. सीम सीलर, पत्र्याचे सांधे बुजवायचा लेप! अर्ध्या गोलाला वेल्ड, उरलेल्या अर्ध्याला सीलर फासून वरून रंग.

सोमवारी माझ्या टीममधला एकजण ऑफिसातला अल्ट्रासॉनिक गेज (एका बाजूनेच जाडी मोजणारं यंत्र) घेऊन घरी आला. रंग नाण्याएवढा खरवडला, जेल लावलं, प्रोब टेकवला. ०.०६५ इंच. दुसरीकडे ०.०६४. बेंडच्या बाहेरच्या अंगाला ०.०५८, तिथे पाईप ताणला जाऊन पातळ होतोच. क्रोमोली असेल तर ०.०८३ हवं, साधं माइल्ड स्टील असेल तर ०.११८. ०.०६५ म्हणजे १६ गेज, एक्झॉस्टच्या दुकानात मिळतो तो, बाहेरून तसाच पावणेदोन इंच. लोहचुंबकाने काही कळत नाही कारण क्रोमोलीलाही चुंबक चिकटतो. वजनाने कळतं, पण बसवायच्या आधी: माइल्ड स्टीलचा ०.११८ वाला फुटाला दोन पौंडांच्या वर भरतो, हा सव्वा पौंडही नाही. 'क्रोमोली हलकाच असतो बडी' हे वाक्य त्याने मला आधीच ऐकवून ठेवलं होतं.

त्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर, स्ट्रीट कारला एवढं पुरतं. दुसरं, तूच हलका लाव म्हणालास. तिसरं आलं नाही, नंबर ब्लॉक. पावतीवर फक्त 'रोल बार इन्स्टॉल, २६००', ना मटेरियल ना जाडी.

झेलचे पैसे परत येत नाहीत, बँकेने सरळ सांगितलं, तुम्हीच पाठवलेत. कार्ड असतं तर निदान डिस्प्यूट टाकता आला असता, चार टक्के म्हणजे १०४ डॉलर वाचवले मी, शाब्बास. मिशिगनमध्ये दुरुस्तीच्या दुकानाला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (राज्य सरकारचं खातं) नोंदणी करावी लागते, १९७४ चा कायदा आहे, आणि दुकान नोंदलेलं आहे का ते वेबसाइटवर दोन मिनिटांत बघता येतं. मी ती दोन मिनिटं सात महिने उशिरा घालवली, याचं नाव तिथे नव्हतंच. तक्रार केली आहे.

सोबत स्मॉल क्लेम्स, म्हणजे लहान रकमांच्या कोर्टात दावा लावलाय, इथे ७००० डॉलरपर्यंत चालतं आणि वकील आणता येत नाही, त्यालाही नाही मलाही नाही. माझी सगळी भिस्त त्याच्या त्या एका मेसेजवर, ज्यात त्याने स्वतःच ४१३०, ०.०८३ आणि टिग लिहिलंय, फोनवर ठरवलं असतं तर तेही गेलं असतं.

बार कापून काढला, फ्लोअरला चार ठिकाणी पत्र्याचे पॅच मारावे लागले. नवीन काम दुसरीकडे एका बाईंना दिलंय, त्यांनी स्वतःहून सांगितलं की रंग मारायच्या आधी फोन करीन, येऊन आरसा घेऊन वरचे वेल्ड बघून जा, आणि वेल्ड ग्राइंडरने घासून चकचकीत करून मागू नका, नियमात चालत नाही. पाईपवरची छापील अक्षरं दिसताहेत असा फोटोही त्यांनी पाठवला, मी मागितलाही नव्हता.

नाव इथे लिहीत नाही, निकाल लागायचाय. तारीख पुढच्या महिन्यात १४ ला. सीलर भरलेल्या जॉइंटचा सहा इंची तुकडा झिपलॉकच्या पिशवीत घालून ठेवलाय, जज साहेबांना म्हणणार आहे, नख लावून बघा.