लग्नाच्या कॅसेटसाठी यूएसबी कॅप्चर: डबी चालते, तिच्या मूळ सेटिंगवर विसंबू नका

व्हीएचएस कॅसेट लॅपटॉपवर उतरवायला मिळणारी ही छोटी डबी बोटभर लांबीची असते. एका टोकाला पिवळी, लाल, पांढरी आणि एस-व्हिडिओची पिन, दुसरीकडे यूएसबी. घरगुती कॅसेटसाठी ती पुरेशी आहे, कारण व्हीएचएसमध्ये आडवे तपशील मुळातच जेमतेम 240 रेषांचे असतात. साध्या व्हीसीआरला बहुधा पिवळी पिनच असते, त्यामुळे एस-व्हिडिओसाठी जास्त पैसे मोजू नका.

सोबतच्या सीडीतलं सॉफ्टवेअर मात्र बाजूला ठेवा. ओबीएस स्टुडिओ मोफत आहे आणि त्यात हवं ते सगळं हाताशी येतं. व्हिडिओ स्टँडर्ड पाल-बी (पाल ही आपल्याकडची टीव्ही-पद्धत), रिझोल्युशन 720×576, कॅनव्हास 768×576 ठेवून चित्र त्यात ताणून बसवा, नाहीतर माणसं किंचित बारीक दिसतात. डीइंटरलेसिंगमध्ये ‘याडिफ 2एक्स’ निवडा आणि रेकॉर्डिंग 50 फ्रेमवर करा. पालमध्ये सेकंदाला 50 अर्धी चित्रं येतात. ती तशीच जोडली की मंगलाष्टकांच्या वेळी उडणाऱ्या अक्षतांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. 25 फ्रेमवर दाते जातात, पण निम्मी हालचालही जाते. 50 वर अक्षता जशा पडल्या तशाच पडताना दिसतात. फाइल एमकेव्हीमध्येच घ्या, म्हणजे मध्येच वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग हाती राहतं. 8 एमबीपीएसला तासाला साधारण 3.6 जीबी लागतात, म्हणजे तीन तासांच्या ई-180 कॅसेटला 11 जीबीच्या आसपास.

शालूची पांढरी जर किंवा फ्लॅशलाइटमधले चेहरे सपाट पांढरे दिसत असतील तर डबीच्या प्रॉपर्टीजमध्ये ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट थोडं उतरवा. एकदा जळालेला पांढरा भाग नंतर परत आणता येत नाही.

डबीची खरी उणीव तासाभराने कळते: आवाज ओठांच्या पुढे-मागे सरकतो. पट्टी सुरकुतलेली असली की सिग्नल डळमळतो, डबी फ्रेम गाळते, आवाज मात्र वाहत राहतो. डबी थेट लॅपटॉपला लावा, हब नको. तरीही सरकत असेल तर व्हीसीआर आणि डबीच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडा. पॅनासॉनिक डीएमआर-ईएस10 याच कामासाठी शोधला जातो. वाकड्या उभ्या रेषाही तो सरळ करतो. स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर टीव्हीवर बघायला ठीक, कॅप्चरला नको. तो चित्र फुगवतो आणि 4:3 चं 16:9 करतो.

अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही-पद्धतीची असते. आपले बरेच व्हीसीआर ती ‘पाल 60’ (रंग पालचे, गती एनटीएससीची) म्हणून वाजवतात आणि अशा सिग्नलवर ही डबी अनेकदा काळं-पांढरं किंवा उड्या मारणारं चित्र देते. तिला एनटीएससी बाहेर देणारा व्हीसीआरच लागतो.

लावण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून रीळ बघा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात हमखास येणारी. ती कॅसेट घालू नका. व्हीसीआरचं हेड (पट्टी वाचणारा भाग) तर भरतंच, पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. स्वच्छ कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, ताण सारखा होतो. चित्रावर बर्फ पडल्यासारखं झालं तर व्हीसीआर बंद करून, 99% आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला शॅमॉयचा (मऊ चामड्याचा) तुकडा हेडच्या ड्रमला स्थिर टेकवा आणि ड्रम हाताने फिरवा. वर-खाली कधीच घासू नका, हेड तुटतं. कापसाचे धागे अडकतात म्हणून कानकाडीही नको.

आणि कॅसेटच्या पाठीवरचा रेकॉर्डिंग टॅब तोडलेला नसेल तर तो आधी तोडा, म्हणजे चुकून तिच्यावर नवं रेकॉर्डिंग होणार नाही.