रोबोटला रिले मॉड्यूल जोडावं की मॉस्फेट?

रोबोटचा मेंदू असलेल्या आर्डुइनो ऊनो आर३ या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरच्या वर करंट जाऊ नये. बाजारातल्या निळ्या ५ व्होल्टच्या रिलेच्या (म्हणजे विजेने ओढला जाणारा यांत्रिक स्विच) नुसत्या कॉइललाच ७० च्या आसपास लागतात, मोटरची तर बातच सोडा. त्यामुळे मधे काहीतरी लागणारच. ते काय, हे तुम्हाला वेग कमी-जास्त करायचाय की फक्त चालू-बंद, यावर ठरतं.

फक्त चालू-बंद असेल तर रिले बिनघोर आहे. पाण्याचा पंप, ग्रिपरचा (रोबोटच्या पकडीचा) सोलेनॉइड, म्हणजे विजेने दांडा ओढणारं चुंबक, हॉर्न, काहीही लावा. एसी-डीसी, प्लस-मायनस याचं त्याला सोयरसुतक नाही. कॉइलचा ट्रान्झिस्टर आणि डायोड मॉड्यूलवरच असतो. पण त्याला पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग कमी-जास्त करण्यासाठीचा भराभर चालू-बंद होणारा सिग्नल, देऊ नका. संपर्क ओढायला साधारण १० मिलिसेकंद लागतात आणि पूर्ण लोडवर आयुष्य लाखभर खटक्यांचं. ऊनोचा पीडब्ल्यूएम सेकंदाला ४९० वेळा हलतो.

जोडणी तीन तारांची, तरी दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. बरीच मॉड्यूल्स उलटी चालतात: इन पिन लो (० व्होल्ट) केली की रिले ओढतो. म्हणून स्केचमध्ये (आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये) आधी डिजिटलराइटने हाय लिहा आणि मगच पिनमोड आउटपुट करा. नाहीतर बोर्ड सुरू होताना सगळे रिले एकदा वाजतात आणि ग्रिपर दचकतो. दुसरा घोळ वीजपुरवठ्याचा. चार रिले एकदम ओढले की २८० मिलिअँपिअर झाले. बॅटरी १२ व्होल्टची आणि रिले ऊनोच्या ५ व्होल्ट पिनवर, म्हणजे बोर्डावरच्या इवल्याशा रेग्युलेटरमध्ये जवळपास २ वॅटची नुसती उष्णता. रिलेंना वेगळा बक कन्व्हर्टर, म्हणजे फारशी उष्णता न करता व्होल्टेज कमी करणारं मॉड्यूल, द्या.

मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच: गेट या पायावर व्होल्टेज दिलं की ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमधून करंट वाहतो. तो आवाज करत नाही, झिजत नाही, पीडब्ल्यूएमने वेग हवा तसा देतो. मात्र तो फक्त डीसीसाठी, मोटरवर डायोड आपणच लावायचा आणि बॅटरीचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडायचा. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्यायला गेलात तर आयआरएफ५२० मॉड्यूल पुढे केलं जाण्याची शक्यता बरीच. ते नको. त्याच्या गेटला पूर्ण उघडायला १० व्होल्ट लागतात, ईएसपी३२ या दुसऱ्या लोकप्रिय बोर्डाच्या ३.३ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. ऊनो असेल तर आयआरएलझेड४४एन मागा, तो ५ व्होल्टवर नीट उघडतो.

मोटर मागे-पुढे फिरवायची असेल तर एकटा मॉस्फेट पुरत नाही. एल२९८एन ड्रायव्हर एका चॅनलला २ अँपिअरचा, शिवाय स्वतःतच दोनेक व्होल्ट खातो. गाडीच्या वायपरची मोटर त्याला झेपत नाही. अशा मोटरला माझी पसंती दोन रिले आणि एक मॉस्फेट या जोडीला. रिलेचा कॉमन एरवी एनसीला जोडलेला असतो, रिले ओढला की एनओला. मोटरचं एकेक टोक एकेका रिलेच्या कॉमनला, दोन्ही एनओ बॅटरीच्या प्लसला, दोन्ही एनसी एकत्र करून मॉस्फेटच्या ड्रेनला, आणि सोर्स ग्राउंडला. एक रिले ओढला की पुढे, दुसरा ओढला की मागे. दोन्ही सोडले की मोटरची टोकं आपसात जोडली जातात, म्हणजे ब्रेक फुकटात. प्रोग्राममध्ये चूक होऊन दोन्ही एकदम ओढले, तरी बॅटरी शॉर्ट होत नाही.

डायोड इथे मोटरवर लावायचा नाही, कारण तिची दिशा बदलते. तो ड्रेनपासून प्लसकडे, पट्टी प्लसच्या बाजूला. १एन४००७ फक्त १ अँपिअरचा असतो, तेव्हा मोटरच्या करंटला पुरेल असा शॉट्की प्रकारचा डायोड बघा. दिशा बदलताना आधी पीडब्ल्यूएम शून्य, मग ५० मिलिसेकंद थांबून रिले, पुन्हा ५० थांबून वेग हळूहळू वर. खटका रिकामा पडतो, ठिणगी नाही, आणि १० अँपिअरचे संपर्क जळून चिकटत नाहीत.