पीसीएल, जिलेटिन की दोन्हींचं मिश्रण? इलेक्ट्रोस्पिनिंगचा पडदा निवडताना

नाशिकमध्ये फार्मसी किंवा दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी इलेक्ट्रोस्पिनिंग, म्हणजे पॉलिमरच्या द्रावणातून विजेच्या दाबाने बारीक तंतू ओढून त्यांचा पडदा बनवणं, हाती घेतलं की चर्चा लगेच पॉलिमरवर येते. त्याआधी एकच गोष्ट ठरवा: पडदा ओल्या जागी किती दिवस टिकायला हवा? जखमेवरच्या पट्टीला थोडे दिवस पुरतात. हिरडीखाली हाड भरून येईपर्यंत अडसर म्हणून ठेवायचा पडदा मात्र किमान चार ते सहा आठवडे शाबूत राहावा लागतो.

नुसतं पीसीएल, म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन, नवख्या हातांना सगळ्यात सोपं. ८०,००० रेणुभाराचे दाणे ट्रायफ्लुरोइथेनॉल या द्रावकात १० टक्के, रात्रभर ढवळून घ्यायचे. १२ ते १५ किलोव्होल्ट, सुईपासून कलेक्टरपर्यंत (जिथे तंतू जमतात) १५ सेंमी, पंप ताशी १ मिली, इथून सुरुवात करा. तंतूंवर मणी दिसले तर द्रावण पातळ आहे, टक्का वाढवा. पडदा ताणला तरी पटकन फाटत नाही, टाका घातला तरी टिकतो. अडचण पाण्याची. त्यावर थेंब टाकला तर अळवाच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहतो. पेशींनी धरावं असंही त्यात काही नाही, आणि शरीरात पूर्ण विरायला दोन ते तीन वर्षं लागतात.

जिलेटिनचं नेमकं उलटं. ते कोलॅजनपासूनच बनतं, त्यामुळे पेशी त्यावर आनंदाने पसरतात. पण कातून काढलेला कच्चा पडदा पाण्यात सोडला की कडा आधी पारदर्शक होतात, आत वळतात आणि बघता बघता सगळाच विरघळतो. म्हणून क्रॉसलिंकिंग, म्हणजे रसायनाने साखळ्या एकमेकींना जोडणं, टाळता येत नाही, आणि खरा वेळ तिथेच जातो. ग्लुटराल्डिहाइडची वाफ स्वस्त पडते: डेसिकेटरच्या (झाकणबंद भांड्याच्या) तळाशी २५ टक्के द्रावण, वर जाळीवर पडदा. वाफेसोबत पाणीही येतं, त्यामुळे तंतू फुगून एकमेकांना चिकटतात. पडदा पिवळा पडतो, आक्रसतो. कडा चौकटीत घट्ट धरूनच ठेवा आणि उरलेलं रसायन मारायला नंतर ०.१ मोलर ग्लायसिनने धुवा. हे धुणं टाळलं तर पेशी मरतात आणि दोष मात्र जिलेटिनवर जातो. ईडीसी-एनएचएस ही क्रॉसलिंकिंगची दुसरी रसायनं महाग, पण आमची पसंती त्यालाच. ते साध्या पाण्यात नव्हे, ९० टक्के इथेनॉलमध्ये करा, नाहीतर जोडणी होण्याआधीच तंतू विरघळतील. जेनिपिन या तिसऱ्या पर्यायाने पडदा गडद निळा होतो. पट्टीखालची जखम रंगावरून तपासायची असेल तर हे चालणार नाही.

नाशिकची हवाही हिशोबात धरा. पावसाळ्यात कच्चा जिलेटिनचा पडदा टेबलावर उघडा राहिला तर ओल धरतो, आणि तंतू जिथे एकमेकांवर टेकतात तिथे जुळून जातात. सिलिकासह बंद डब्यात ठेवा. एप्रिलच्या कोरड्या हवेत उलट सुईच्या टोकावरच थेंब वाळतो. हिवाळ्यात ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडची बाटली सकाळी गोठलेली सापडेल, कारण ते १६.६ अंशांनाच गोठतं. कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळू द्या, मगच मोजा. थंडीत ॲसेटिक ॲसिड-पाण्यातलं जिलेटिनचं दाट द्रावणही सिरिंजमध्ये घट्ट होतं, तेव्हा सिरिंज गरम ठेवण्याची सोय हवी.

आता मिश्रण. दोन्ही निम्मे-निम्मे, मिळून १० टक्के, ट्रायफ्लुरोइथेनॉलमध्ये. कागदावर सोपं दिसतं, पण काही तासांत द्रावण गढूळ होतं आणि दोन पॉलिमर वेगळे व्हायला लागतात. तसंच कातलं तर जाडबारीक तंतू आणि मधूनमधून शिंतोडे येतात. उपाय छोटा आहे: सुमारे ०.२ टक्के ॲसेटिक ॲसिड घाला, गढूळपणा निवळतो. ॲसिड हात राखून घाला आणि द्रावण फार दिवस साठवू नका, कारण आम्लात पीसीएलच्या साखळ्या हळूहळू तुटतात. निम्म्या जिलेटिनच्या पडद्यावर थेंब गोल बसत नाही, लगेच आत शिरतो. पीसीएलमुळे तो ओला झाल्यावरही चिमट्यात धरता येतो.

तरी मिश्रणाला क्रॉसलिंकिंग लागत नाही हा समज सोडा. तुकडा कोरडा तोला, ३७ अंशांच्या पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) २४ तास ठेवा, डिस्टिल्ड वॉटरने धुवा, वाळवून पुन्हा तोला. वजनातली घट म्हणजे बहुतेक निसटलेलं जिलेटिन. पडदा जागेवर दिसतो, पण पेशींना हवं तेच त्यातून गेलेलं असतं.

आमचा कौल असा: हिरडीसाठी आणि पेशी वाढवायच्या आधारासाठी ईडीसीने क्रॉसलिंक केलेलं मिश्रण, औषध लवकर सोडणाऱ्या पट्टीसाठी हलकं क्रॉसलिंक केलेलं जिलेटिन. नुसतं पीसीएल यंत्र बसवताना सरावाला आणि प्रयोगात तुलनेसाठी घ्या.

जिलेटिन मागवताना ते गाईचं, डुकराचं की माशाचं हे लिहून घ्या. पेशंटवर वापरायची वेळ आली की हा प्रश्न घरचे विचारणारच, आणि तो त्यांचा हक्क आहे. निर्जंतुक करताना पीसीएल असलेला कोणताही पडदा ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. ते ६० अंशांच्या आसपास वितळतं आणि १२१ अंशांनंतर हाती प्लास्टिकची चकती येते. कमी तापमानाचा इथिलिन ऑक्साइड वायू किंवा गॅमा किरण वापरा आणि त्यानंतर ताण व वजनाच्या चाचण्या पुन्हा करा. ७० टक्के अल्कोहोल फक्त क्रॉसलिंक झालेल्या पडद्याला. कच्चा पडदा त्यातल्या ३० टक्के पाण्यानेही फुगतो.