चार शुभवर्तमाने: आधी कोणते हाती घ्यावे?

येशूची गोष्ट सांगणारी मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार पुस्तके म्हणजे शुभवर्तमाने. बायबलातला नवा करार उघडला की पहिले पान लागते मत्तयाचे, आणि पुष्कळ वाचक तिथेच गळतात. अब्राहामापासून सुरू झालेली, चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांत बसवलेली वंशावळ. दहा-बारा नावे वाचून झाली की पुस्तक मिटते. खरे तर मत्तय आधी छापतात म्हणून तो आधी लिहिला गेला असे नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते पहिला मार्क, इ.स. ७० च्या आगेमागे. मग मत्तय आणि लूक, ८० ते ९० च्या सुमारास. योहान सर्वांत शेवटी, शतक सरता सरता. येशूला क्रुसावर दिले ते इ.स. ३० च्या आसपास. मधली चाळीसेक वर्षे त्याच्या आठवणी मुख्यतः तोंडी फिरत होत्या: भाकर मोडताना, प्रार्थनेत, यहूद्यांच्या सभास्थानातल्या वादात, नव्या माणसाला बाप्तिस्मा देताना. जे कामाला येत होते ते टिकले, आणि ज्या मंडळीला (ख्रिस्ती समुदायाला) ज्या कामासाठी लागले त्या घाटात टिकले.

हा घाट कसा बदलतो ते एका प्रसंगात दिसते. येशूचा बाप्तिस्मा घ्या. योहान (शुभवर्तमानवाला नव्हे, बाप्तिस्मा देणारा) पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा देत होता. मग येशूने तो का घ्यावा, आणि देणारा मोठा की घेणारा? मार्कला ही अडचण जाणवतच नाही. येशू नासरेथहून आला आणि त्याने यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतला, एवढेच (१:९, म्हणजे अध्याय १, वचन ९). मत्तयात योहान आधी आढेवेढे घेतो, ‘मीच तुमच्याकडून घ्यायला हवा’ अशा अर्थाचे बोलतो आणि येशू त्याची समजूत काढतो (३:१४-१५). लूक योहान तुरुंगात गेल्याचे आधी सांगून टाकतो आणि मग येशूच्या बाप्तिस्म्याचा ओझरता उल्लेख करतो. बाप्तिस्मा कोणी दिला ते त्या वाक्यात नाहीच (३:२०-२१). योहानाच्या शुभवर्तमानात प्रत्यक्ष बाप्तिस्मा येतच नाही, फक्त योहानाची साक्ष येते (१:२९-३४). आठवण एवढी पक्की होती की ती कुणाला गाळता येईना. पण प्रत्येकाला ती वेगळ्या रीतीने सांभाळावी लागली.

मार्क की मत्तय?

खरी निवड या दोघांतली आहे, कारण मत्तयाने मार्क समोर ठेवूनच लिहिले असे बहुतेकांचे मत आहे. मार्कची वचने सुमारे ६६०. त्यांतली ६०० च्या आसपास या ना त्या रूपात मत्तयात आहेत. मग मार्क वाचायचा कशाला? तर मत्तयाने काय बदलले ते पाहण्यासाठी.

मार्क ६:३ मध्ये नासरेथचे लोक येशूलाच सुतार म्हणतात. मत्तयात (१३:५५) तो सुताराचा मुलगा होतो. मार्क ६:५ म्हणतो की थोड्या आजाऱ्यांना बरे करण्यापलीकडे त्याला तिथे काही करता आले नाही. मत्तय म्हणतो, त्यांच्या अविश्वासामुळे त्याने फारसे काही केले नाही (१३:५८). वादळात मार्कमधले शिष्य जवळजवळ ओरडतात: गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का? मत्तयात तीच हाक प्रार्थना बनते: प्रभू, वाचवा. येशू पाण्यावरून चालत येतो तेव्हा मार्कमधल्या शिष्यांना काही उमगत नाही. मत्तयातले शिष्य त्याला देवाचा पुत्र म्हणून नमन करतात. श्रीमंत माणसाला मार्कमधला येशू विचारतो, ‘मला उत्तम का म्हणतोस?’ मत्तयात तो विचारतो, ‘उत्तम काय याविषयी मला का विचारतोस?’ एखाद्या शब्दाची हलवाहलव आहे, पण पुढे उठणारा सगळा प्रश्न तिने मिटवला.

काही गोष्टी मत्तय आणि लूक दोघेही सोडून देतात. घरच्यांना येशूला वेड लागले असे वाटते आणि ते त्याला धरून न्यायला निघतात (मार्क ३:२१). बेथसैदाच्या आंधळ्याला दोनदा हात लावावा लागतो. पहिल्या वेळी त्याला माणसे झाडांसारखी चालताना दिसतात (८:२२-२६). अशी खडबडीत आठवण उगाच कोण रचेल? इतिहासाच्या अंगाने वाचणाऱ्याला मार्क आधी द्यावा, तो याच कारणाने.

मार्कची आणखी एक खूण भाषेची. लेखन ग्रीक, पण मधेच अरामी शब्द तसेच ठेवलेले: तलीथा कूम, इप्फाथा, अब्बा, एलोई एलोई. प्रत्येकाचा अर्थ लगेच दिलेला. हात धुण्याच्या यहूदी रीतीही तो समजावून सांगतो (७:३-४), म्हणजे त्याच्या श्रोत्यांत त्या न जाणणारे होते. क्रूस वाहणाऱ्या कुरेनेकर शिमोनाची ओळख तो ‘आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप’ अशी करून देतो (१५:२१). हे दोघे कोण, ते सांगत बसत नाही. गावात ‘अमक्याचे वडील’ म्हणून कुणाची ओळख द्यावी तसेच हे; ऐकणाऱ्यांना ती मुले ठाऊक असणार. मत्तय आणि लूक ही नावे गाळतात, बहुधा त्यांच्या श्रोत्यांना ती परकी झाली असावीत.

उणीव विचाराल तर मार्कमध्ये शिकवण कमी आहे. डोंगरावरचे प्रवचन नाही, प्रभूची प्रार्थना नाही, जन्मकथा नाही. ‘लगेच’ हा शब्द चाळीसेक वेळा येतो आणि गोष्ट धापा टाकत पुढे पळते. ‘येशूने शिकवले काय?’ हा तुमचा प्रश्न असेल तर मार्क तुम्हाला उपाशी ठेवील.

तिथे मत्तय. त्याने शिकवण पाच मोठ्या प्रवचनांत रचली (५-७, १०, १३, १८, २४-२५) आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘येशूने हे बोलणे संपवल्यावर’ अशा अर्थाचे ठरावीक वाक्य ठेवले. हे शिकवणाऱ्याचे पुस्तक आहे: पाठांतराला सोयीचे, मंडळीच्या कारभाराला उपयोगी. ‘मंडळी’ हा शब्द चारही शुभवर्तमानांत फक्त मत्तयात आहे (१६:१८ आणि १८:१७), आणि भांडण झाले तर आधी एकट्याने बोलावे, मग दोघा-तिघांना घेऊन जावे, मग मंडळीपुढे ठेवावे, ही पायरीवार रीतही त्याच्याकडेच.

मात्र मत्तयाचा २३ वा अध्याय जपून वाचावा. शास्त्री (धर्मशास्त्राचे जाणकार) आणि परूशी (एक यहूदी पंथ) यांच्यावरचा तो भडिमार वरवर साऱ्या यहूद्यांवरचा वाटतो. तसा वाचला गेल्याने पुढच्या शतकांत फार नुकसान झाले. मुळात ते एकाच घरातले भांडण आहे: ७० साली यरुशलेमेचे मंदिर पडल्यावर इस्राएलची वाट कोणी दाखवायची, यावरचे.

लूक

गोष्टीची आवड असेल तर लूक. चांगला शोमरोनी आणि उधळ्या पुत्र या दोन्ही गोष्टी फक्त त्याच्याकडे आहेत (अध्याय १० आणि १५). तो सुरुवातीलाच सांगतो की आधी अनेकांनी लिहिले आहे, मी नीट शोध घेऊन क्रमाने लिहितो. ही आठवण मंडळीपुरती न ठेवता थियफिल नावाच्या वाचकासमोर मांडलेली आहे, आणि प्रेषितांची कृत्ये हा तिचाच दुसरा भाग. गरिबी त्याच्याकडे रोकडी आहे. मत्तयात ‘आत्म्याने दीन’ ते धन्य, लूकमध्ये नुसते दीन ते धन्य. आणि लगेच पुढे, श्रीमंतांनो तुमची दुर्दशा होईल (६:२०, २४). येशूबरोबर फिरणाऱ्या आणि स्वतःच्या पैशातून खर्च चालवणाऱ्या बायकांची नावेही तो देतो: मग्दालीया मरीया, हेरोद अंतिपाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना (८:१-३).

तारखांसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका. येशूचा जन्म तो सीरियाचा रोमी सुभेदार क्विरीनिय याच्या शिरगणतीशी जोडतो. ती इ.स. ६ मधली, तर मत्तयाच्या कथेतला थोरला हेरोद इ.स.पू. ४ मध्येच मेला. दोन्ही जन्मकथा एकात एक बसत नाहीत. मत्तयात कुटुंब बेथलेहेमात घरात भेटते, मग मिसरला (इजिप्तला) पळते आणि शेवटी नासरेथला जाते. लूकमध्ये ते मूळचे नासरेथचे, बेथलेहेमला गव्हाणीत बाळ ठेवतात आणि घरी परततात. वसईत, गोव्यात नाताळला मांडतात त्या गोठ्यात लूकचे मेंढपाळ आणि मत्तयाचे मागी (पूर्वेकडचे ज्ञानी) शेजारी उभे असतात. पुस्तकात त्यांची कधी गाठ पडत नाही. मागी तीनच, असेही मत्तय म्हणत नाही. तीन आहेत त्या भेटी.

योहान

इथे जग बदलते. भुते काढणे नाही, पहिल्या तिघांतल्यासारखे छोटे दाखले नाहीत. देवाच्या राज्याविषयी बोलणारा येशू इथे स्वतःविषयी बोलतो: मी भाकर, मी प्रकाश, मी द्वार, मी द्राक्षवेल. मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलणे बाकीच्या तिघांत शेवटच्या आठवड्यात घडते, योहानात दुसऱ्याच अध्यायात. मार्कमध्ये शेवटचे भोजन हे वल्हांडण या यहूदी सणाचे जेवण आहे. योहानात येशू वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशीच क्रुसावर जातो, म्हणजे सणाची कोकरे कापण्याच्या वेळेला. आणि त्या शेवटच्या भोजनात ‘हे माझे शरीर’ हे शब्द नाहीत. त्या जागी पाय धुणे आहे.

म्हणून योहानाला निव्वळ ध्यानाचे पुस्तक म्हणून बाजूला सारू नये. यरुशलेमेची माहिती त्याला चांगली आहे. बेथेस्दा तळ्याला पाच पडव्या होत्या असे तो सांगतो (५:२), आणि उत्खननात तिथे जोडतळे सापडले: चार बाजूंना चार पडव्या, मधल्या बांधावर पाचवी. काना गावच्या लग्नातले सहा दगडी रांजण तो मापासकट सांगतो. हिशेब केला तर एकेक ८० ते १२० लिटरचा, म्हणजे मिळून ५०० ते ७०० लिटर द्राक्षारस. खेड्यातल्या लग्नाला हे जरा जास्तच. तेच त्याला दाखवायचे आहे. आणि तीनदा येणारी सभास्थानातून बाहेर घालण्याची धास्ती (९:२२, १२:४२, १६:२) येशूच्या काळापेक्षा लिहिणाऱ्या मंडळीच्या काळातली जास्त वाटते. ती जखम ओळखली की योहानातला ‘यहूदी’ या शब्दाचा कडवट वापर का, हेही समजते.

योहान पहिला वाचू नये, असे आमचे मत. तो आधी वाचला की नंतर मार्कमधला येशू डोळ्यांना दिसेनासा होतो.

बाकीचे

नव्या करारातला सर्वांत जुना लेखक पौल. त्याची पत्रे साधारण इ.स. ५० ते ६० मधली. पण त्याच्याकडे दाखले नाहीत, येशूचे चमत्कार नाहीत. शेवटचे भोजन आहे आणि पुनरुत्थानाच्या साक्षीदारांची यादी आहे: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी स्वतः पौल (१ करिंथ १५). या यादीत एकाही बाईचे नाव नाही. चारही शुभवर्तमानांत मात्र कबरेपाशी पहिल्यांदा मग्दालीया मरीया जाते. हा अध्याय मार्कच्या आधी वाचला तर हरकत नाही, दहा मिनिटांचे काम आहे.

थोमाचे शुभवर्तमान १९४५ मध्ये मिसरात नाग हम्मादीजवळ कॉप्ट (जुन्या मिसरी) भाषेत मिळाले. त्यात येशूची म्हणून ११४ वचने आहेत. जन्म नाही, क्रूस नाही. पहिली तीन शुभवर्तमाने वाचून झाल्यावरच ते घ्या, नाहीतर ओळखीचे काय आणि नवे काय ते कळणार नाही.

चौघांची मिळून एकच गोष्ट करण्याचा मोहही जुनाच आहे. सीरियातल्या तातियानाने १७० च्या सुमारास तशी गुंफण केली आणि सीरियन मंडळ्यांत ती पाचव्या शतकापर्यंत वाचली जात होती. मराठीत फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण (१६१६) याच वळणाचे, एका धाग्यात ओवलेले. भक्तीला हे सोयीचे. तुलना करायची असेल तर मात्र त्याने काम बिघडते, कारण गुंफताना पहिल्यांदा जातात ते सांधे, आणि आपल्याला तेच पाहायचे असतात.

वाचायचे कसे? मार्क एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने. पहिल्या श्रोत्यांनी तो ऐकलाच होता. साधारण दीड-दोन तास लागतात. मग मत्तयाचे ५ ते ७ अध्याय, मग लूक सलग. योहान आठवड्याभराने. मराठी भाषांतर घेताना दोन जागा तपासा: मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३ ते ८:११. हे दोन्ही भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. चांगल्या आवृत्तीत तिथे कंस किंवा तळटीप असते.

आणि मार्क वाचताना १६:८ ला थांबा. बायका थरथरत कबरेपासून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. जुन्या हस्तलिखितांत मार्क इथेच संपतो. त्या रात्री पुढे वाचू नका. मत्तयाचा २८ वा अध्याय दुसऱ्या दिवशी काढा आणि त्या भीतीत त्याने कोणता शब्द मिसळला ते पाहा.