स्लीव्ह-बायपासनंतर घरी वापरलेला चरबी-काटा, रबरी पट्टे आणि ग्रिपमीटर : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून

वजन उतरवण्यासाठी पोटाचं स्लीव्ह किंवा बायपास ऑपरेशन झालेल्यांसाठी हे लिहितोय. आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची सक्ती नाही. तीन वस्तूंपैकी पैसे पुरेपूर वसूल झाले ते रबरी पट्ट्यांचे. शरीरातली चरबी आणि स्नायू दाखवणारा अ‍ॅपवाला काटा वजनासाठी चांगला आहे, पण त्याचा ‘बीएमआर’चा रकाना वाचूच नये. हाताच्या पकडीची ताकद मोजणारा ग्रिपमीटर हौसेचा आहे. कोणाकडून महिन्यातून एकदा मागून आणता आला तरी काम भागतं.

बहुतेकांची घाबरगुंडी उडते ती काट्यामुळे, म्हणून आधी तोच. ऑपरेशननंतर बीएमआर, म्हणजे पडून राहिलं तरी शरीर दिवसभरात खर्च करतं त्या कॅलरी, अ‍ॅपमध्ये आठवड्यागणिक उतरताना दिसतात. मग ‘मेटाबॉलिझम मंदावला’ म्हणून कोणी आधीच चिमूटभर असलेलं जेवण आणखी कापतं, कोणी महागडे काढे सुरू करतं. पण काट्याने तो आकडा मोजलेलाच नसतो. किलोमधलं वजन गुणिले १०, सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, दोन्हींच्या बेरजेतून वयाची पाचपट वजा. बाई असेल तर आणखी १६१ वजा, पुरुष असेल तर ५ मिळवा. हे १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र, आणि बरीच अ‍ॅप तेच वापरतात. ४५ वर्षांची, १५८ सेंटिमीटर उंचीची बाई ११२ किलोंची असताना उत्तर येतं साधारण १,७२०, आणि ८४ किलोंवर १,४४०. २८ किलो उतरले, २८० कॅलरी उतरल्या. यात बिघाड कसला?

खात्री करायची असेल तर अ‍ॅपमध्ये स्वतःचं वय १०ने वाढवून पुन्हा काट्यावर उभं राहा. आकडा बरोबर ५०ने खाली आला की समजायचं, आत हेच सूत्र आहे. मग वय पूर्ववत करून दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली हातात धरा. बीएमआर २०ने वाढतो! बाटलीला मेटाबॉलिझम असतो, हे अ‍ॅपवाल्यांनी एकदा जाहीर करून टाकावं. काही काटे दुसरं सूत्र वापरतात: चरबी सोडून उरलेलं वजन गुणिले २१.६, अधिक ३७०. तिथे वयाचा हा ५०चा हिशेब जुळत नाही; आकडा अंगातल्या पाण्याबरोबर खालीवर होतो.

विश्रांतीतला खर्च खरोखर मोजायचा तर रात्रभर उपाशी राहून सकाळी आडवं पडायचं, तोंडावर पारदर्शक घुमट ठेवतात आणि श्वासातल्या ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइडवरून हिशेब काढतात. याला इनडायरेक्ट कॅलोरिमेट्री म्हणतात. तळपायाखालच्या पत्र्याला ते जमणारं नाही.

जिममध्ये आणखी एक थाप सर्रास मारली जाते: एक किलो स्नायू वाढवा, रोज १०० कॅलरी फुकट जळतील. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खर्च करतो आणि एक किलो चरबी साडेचार. यकृत आणि मेंदू किलोमागे २०० ते २४०पर्यंत जातात. हृदय आणि मूत्रपिंडं त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे तीन किलो स्नायू गेला तर विश्रांतीतला खर्च ४० कॅलरींनी घटला, अर्धी पोळीसुद्धा नाही. वजन भराभर उतरत असताना शरीर याहून थोडी जास्त काटकसर करतं, हेही खरं. पण स्नायू सांभाळायचा तो या ४० कॅलरींसाठी नव्हे. जमिनीवरून हाताचा टेकू न घेता उठणं, जिना चढणं, जेवणानंतरची साखर रक्तातून उचलून घेणं ही कामं त्याची आहेत, आणि दिवसभराच्या हालचालीचा खर्च होतो तोही त्याच्याच जिवावर. त्यातही मेख आहे: शरीर पाव हिश्शाने हलकं झालं की पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या त्याच फेरीला खर्चही साधारण पाव हिश्शाने कमी येतो. घड्याळातल्या कॅलरी पाहून वड्याचा हिशेब करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

काट्यावरचा स्नायूचा आकडाही सांभाळून वाचावा लागतो. काटा पायांतून बारीक विद्युतप्रवाह सोडतो आणि तो किती अडतो ते पाहतो. पाणी असलेला भाग प्रवाह जाऊ देतो, चरबी अडवते. चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असतं, हे गृहीत धरून बाकीचं सगळं गणित. ऑपरेशननंतर पाणी घोटाघोटाने पोटात जातं, त्यामुळे ते कमी पडणं नेहमीचंच. मग काटा स्नायू कमी आणि चरबी जास्त दाखवतो. पहिल्या काही आठवड्यांत ग्लायकोजन, म्हणजे स्नायू-यकृतात साठवलेली साखर, संपतं आणि त्याच्याबरोबरचं पाणीही जातं. काटा तेही ‘स्नायू घटला’ म्हणून मांडतो. पुण्याच्या कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये टाचा भेगाळलेल्या असतात, त्यामुळे एकतर रीडिंग येत नाही किंवा भलतंच येतं. ओल्या फडक्याने तळवे पुसून उभं राहिलं की सुधारतं. जुन्या घरातली शहाबादी फरशी उंचसखल असते. काटा दोन फुटांवर सरकवला तर साधं वजनही बदलू शकतं. एक सपाट जागा ठरवून खडूची खूण करा. आठवड्यातून एकच दिवस, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, आंघोळीआधी. बायकांनी पाळीच्या दिवसांतला आकडा हिशेबात धरू नये. आणि पेसमेकर असेल तर या काट्यावर उभं राहायचंच नाही, साधा काटा वापरायचा.

आता पट्टे. लॅटेक्सचे सपाट, दीड-दोन मीटरचे, वेगवेगळ्या रंगांचे मिळतात. रंगाचा भरवसा नाही. एका कंपनीचा लाल तो दुसरीच्या हिरव्याएवढा कडक निघतो. प्रवासाची बॅग मोजायचा टांगता काटा घरात असेल तर पट्ट्याचा एक मीटर भाग मोजून घ्या, एक टोक पक्कं बांधा, दुसऱ्याला काटा अडकवा आणि तो भाग दोन मीटर होईपर्यंत सावकाश ताणा. सव्वा ते पावणेदोन किलोंच्या आसपास भरला तर सुरुवातीला ठीक. अडीचच्या पुढचा नंतरसाठी ठेवा.

सुरुवात कधी करायची ते सर्जनने सांगायचं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर साधारणपणे चार ते सहा आठवडे चार-पाच किलोंहून जड काही उचलू देत नाहीत, कारण पोटावरच्या छोट्या छेदांतून हर्निया होऊ शकतो. तोवर चालणं, तेही थोडं थोडं आणि दिवसातून अनेकदा. परवानगी मिळाली तरी सिट-अप आणि प्लँक सगळ्यात शेवटी.

ज्या हालचाली टिकल्या त्या मोजक्याच. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं. दाराच्या कडीच्या उंचीवर अडकवलेला पट्टा कोपर मागे नेत ओढणं. पट्टा पाठीमागून घेऊन दोन्ही हात पुढे ढकलणं. भिंतीवर हात टेकून दंड. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, प्रत्येकी ८ ते १२ वेळा, आधी एकच फेरी. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, पण पाठ वाकायला नको. १५ सहज व्हायला लागले की पट्टा हातात थोडा आखूड धरायचा, नाहीतर पुढचा रंग घ्यायचा. जोर लावताना श्वास सोडायचा. रोखून धरला की पोटातला दाब वाढतो आणि ताण नेमका छेदांवर येतो.

खुर्चीबद्दल जरा खोलात, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. सोफा चालत नाही, माणूस रुततो. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची, साधारण ४५ सेंटिमीटर उंच, पाठ भिंतीला टेकवून ठेवा. उठवत नसेल तर सतरंजीची घडी ठेवून बैठक उंच करा आणि दर पंधरवड्याला एक घडी काढा. याच खुर्चीवर महिन्यातून एकदा चाचणीही होते: हात छातीवर दुमडून पाच वेळा उठा-बसा, घड्याळ लावून. आशियाई देशांसाठीच्या २०१९ च्या निकषांत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद-चपळाई कमी मानतात. काट्यावरच्या स्नायूच्या टक्केवारीपेक्षा या सेकंदांवर आमचा जास्त विश्वास बसला.

पावसाळ्यात पट्टे एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फाटतात. वापरून झाल्यावर पुसून, टाल्कम पावडर लावून, सैल गुंडाळून कपाटात ठेवा. बाल्कनीत उन्हात ठेवलेला पट्टा लवकर ठिसूळ होतो. दर वेळी उजेडासमोर ताणून बघा. कडेला बारीकशी चीर दिसली तरी फेकून द्या, कारण तुटला तर डोळ्यावर येतो. रबराची अ‍ॅलर्जी असेल तर लॅटेक्सविरहित घ्या.

प्रथिनं पोटात गेली नाहीत तर पट्टे ओढून फार काही हाती लागत नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम, बऱ्याच जणांना ८०पर्यंत सांगतात. आकडा आहारतज्ज्ञाकडून घ्या. आपला नाश्ता, म्हणजे पोहे आणि उपीट, यात अगदीच मागे पडतो. एकादशी-चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, साध्या दह्यात १०० ग्रॅमला साडेतीन. तेच टांगून चक्का केला तर दुपटीहून जास्त. (त्यात साखर घोटून श्रीखंड केलं की बायपासवाल्यांना डम्पिंगची, म्हणजे गोड भराभर आतड्यात उतरल्यामुळे होणारी, धडधड आणि घाम ठरलेला.) पातळ वरणाच्या वाटीत डाळ तळाला राहते आणि वरचं पाणीच जागा अडवतं, म्हणून घट्ट घ्या आणि भाताआधी खा.

ग्रिपमीटर बसून, कोपर काटकोनात ठेवून, प्रत्येक हाताने दोनदा दाबायचा आणि मोठा आकडा धरायचा. त्याच निकषांत पुरुषांसाठी २८ आणि बायकांसाठी १८ किलोंच्या खाली म्हणजे पकड कमी. एखाद्या वेळच्या आकड्याने काही बिघडत नाही, लागोपाठ दोन-तीन महिने उतरला तर जेवण तपासा.

चालायला सपाट रस्ता आधी, पर्वती टेकडीच्या पायऱ्या बऱ्याच नंतर. चढताना दम लागतो म्हणून लोक थांबतात, पण उतरताना मांड्यांवर जास्त मारा होतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पहिल्यांदा अर्ध्यावरूनच परत फिरा. जेवणानंतर पट्टे नकोत, तासभर जाऊ द्या. रमतगमत चालणं चालतं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर पाणी कमी पडलंय किंवा बीपीची जुनी गोळी आता जास्त होतेय; डोस डॉक्टरांनी ठरवायचा. आणि उलट्या थांबत नसतील, पाय लुळे किंवा बधिर वाटत असतील, एकाचे दोन दिसत असतील तर व्यायाम वाढवण्याचा प्रश्नच नाही. ही थायमिनच्या, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाच्या, कमतरतेची लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नव्याने घेणाऱ्यांनी पट्टे दोनच रंगांचे घ्यावेत, हलका आणि मधला. पाचांच्या संचातले कडक दोन कपाटातच पडून राहतात. दाराचा अडकवा मात्र जाड पट्टीचा आणि दुहेरी शिवणीचा बघा, आणि दार आपल्या अंगाकडे उघडत असेल तर कुलूप लावल्याशिवाय ओढू नका.